पणाला कोण लागते?

त्र्यंबकेश्वराला कालसर्पशांतीसाठी येणाऱ्या कुटुंबांत सगळेच श्रद्धाळू नसतात. मुलीचे लग्न जमत नाही, धंद्याला बरकत नाही, घरातले आजारपण हटत नाही, आणि कोणीतरी पत्रिका पाहून दोष सांगितलेला असतो. वडिलांना ते पटलेले नसते, शिकलेल्या मुलाला तर मुळीच नाही. तरी तारीख ठरते, गुरुजींशी बोलणे होते, गाडी निघते. कारण सगळ्या शंकांना पुरून उरणारे एक वाक्य घरात उच्चारले गेलेले असते : ‘करून टाकू या, आपलं काय जातंय?’

या वाक्यापुढे भलेभले गप्प होतात. देव नाही हे सिद्ध करून दाखवणे कोणाच्याच हातात नसते, आणि थोड्याशा खर्चाने मोठे संकट टळण्याची अंधूक जरी शक्यता असली, तरी तो खर्च नाकारणारा माणूस हेकट ठरतो. हे वाक्य भोळेपणाचे नाही. त्यात हिशेब आहे, आणि तो चांगला जुना आहे. संस्कृतातले एक प्रसिद्ध सुभाषित हाच युक्तिवाद करते : परलोकाबद्दल शंका असली तरी शहाण्याने पाप टाळावे, परलोक नसला तर बिघडले काय, आणि असला तर नास्तिकाची धडगत नाही. युरोपात हा हिशेब ब्लेझ पास्कलच्या नावावर आहे. जुगाराचा डाव अर्ध्यावर मोडला तर पणाची रक्कम खेळाडूंत कशी वाटायची, या प्रश्नावर पास्कलने १६५४ मध्ये गणिती फर्माशी पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. त्याच पास्कलच्या मृत्यूनंतर, १६७० मध्ये, छापल्या गेलेल्या टिपणांत देवावरची पैज आहे. देव आहे की नाही हे बुद्धीला कळणार नाही, पण पैज लावणे टळत नाही, कारण न लावणे हीसुद्धा एक पैजच. जिंकलात तर अनंत सुख, हरलात तर काही क्षुल्लक सुखांवर पाणी. शक्यता कितीही लहान असो, तिला अनंताने गुणले की गुणाकार अनंतच येतो. म्हणून विश्वास ठेवा.

मला या हिशेबाशी वाद घालायचा आहे, आणि तो हिशेबाच्याच भाषेत. माझे म्हणणे असे : देवाच्या अस्तित्वाची शक्यता आकड्यात मांडता येत नाही, पण देवाच्या नावाने लावलेल्या प्रत्येक पैजेत पणाला काय लागले आहे, ते मात्र नेमके मोजता येते. आपण उलटे करतो. जे मोजता येत नाही त्यावर तावातावाने भांडतो आणि जे मोजता येते त्याला ‘काय जातंय’ म्हणून वाटेला लावतो.

आधी शक्यतेचा आकडा. तो काढण्याचा गंभीर प्रयत्न झालेला आहे. स्टीफन अन्विन यांनी २००३ मध्ये एका पुस्तकात थॉमस बेझच्या सूत्राने देवाची शक्यता काढली. सूत्र सोपे आहे. आरंभीचा अंदाज घ्यायचा, मग एकेक पुरावा पाहून त्याला गुणत जायचे. अन्विन यांनी आरंभ निम्म्यानिम्म्यावर केला, म्हणजे बाजूने एक, विरुद्ध एक. माणसाला चांगुलपणाची जाणीव आहे, म्हणून दहाने गुणले. माणूस दुष्टपणाही करतो, म्हणून निम्मे केले. भूकंप-रोगराईने निरपराध मरतात, म्हणून दहाने भागले. प्रार्थना फळल्यासारखी वाटते त्याबद्दल दोनने गुणले, निसर्गनियम मोडणाऱ्या चमत्कारांबद्दल एकने, धार्मिक अनुभूतीबद्दल पुन्हा दोनने. सगळे मिळून दोनास एक, म्हणजे ६७ टक्के. पुढच्याच वर्षी मायकेल शर्मर या संशयवादी लेखकाने तेच सूत्र घेऊन आपले आकडे घातले आणि उत्तर आले २ टक्के. आपणही करून पाहावे. अन्विन यांच्या पहिल्या दहाच्या जागी फक्त दोन ठेवले, बाकी काहीही हलवले नाही, तरी ६७ चे २९ होतात.

दोष बेझच्या सूत्रात नाही. रोगनिदानात ते रोज उपयोगी पडते, कारण हजार रोग्यांपैकी कितींना ताप येतो आणि हजार निरोग्यांपैकी कितींना, हे मोजलेले असते. देव असलेली हजार विश्वे आणि देव नसलेली हजार विश्वे कोणी पाहिलेली नाहीत. तेव्हा दहा, निम्मे, एकदशांश हे आकडे मोजून आलेले नाहीत, मनातून आले आहेत. आणि आरंभीचे ‘निम्मे-निम्मे’ तर अज्ञानाला दिलेले गणिती रूप आहे. एखादी गोष्ट माहीत नाही म्हणून तिची शक्यता पन्नास टक्के होत नाही. आकडा पाहिला की वाचक दबतो, म्हणूनच सांगायला हवे की श्रद्धा ६७ टक्के म्हणून सिद्ध होत नाही आणि नास्तिकता ९८ टक्के म्हणून सिद्ध होत नाही.

पास्कलला हे ठाऊक होते, म्हणून त्याने शक्यतेचा आकडा मागितलाच नाही. सगळा भार अनंत बक्षिसावर टाकला. तिथे अडचण वेगळी येते. त्याच्या पटावर दोनच घरे आहेत : त्याचा देव किंवा कोणीच नाही. तोच युक्तिवाद एखादा इमामही करू शकेल, असे फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोने नंतर म्हटले. नाशिककराला त्यासाठी दिदरोकडे जावे लागत नाही. इथे सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करतात आणि वैष्णव आखाडे रामकुंडात, कारण आधी कोणी नाहायचे यावरून साधूंमध्ये रक्त सांडले होते आणि पेशवाईत जागा वेगळ्या झाल्या. ज्या जिल्ह्यात वणीची सप्तशृंगी आहे, म्हसरूळला जैनांचे गजपंथ आहे, त्रिरश्मीच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, तिथे पैज नेमकी कोणावर लावायची? प्रत्येकाकडे मोठे बक्षीस आहे. काहींच्या मते दुसऱ्याकडे जाणे हेच पाप आहे. सगळीकडे अनंत असेल, तर अनंताचा युक्तिवाद कोणाच्याच बाजूने कौल देत नाही.

इथपर्यंत आस्तिक आणि नास्तिक बरोबरीत सुटतात. पण धर्माच्या नावाने केलेले सगळे दावे विश्वाच्या पलीकडचे नसतात. बहुसंख्य दावे याच जगातले असतात : अमुक दोष असला की लग्न अडते, अमुक विधी केला की सुटते. असा दावा गणिताच्या अंगणात उतरलेला असतो, आणि तिथे त्याला श्रद्धेचे अभय मागता येणार नाही.

कालसर्पच घ्या. राहू आणि केतू पत्रिकेत नेहमी समोरासमोर असतात. उरलेले सातही ग्रह त्या रेषेच्या एकाच बाजूला आले की कालसर्प योग मानतात. सात ग्रह एकमेकांपासून स्वतंत्र फिरत असते, तर कोणत्याही एका बाजूला सगळे येण्याची शक्यता चौसष्टात एक. पण बुध आणि शुक्र आकाशात सूर्याला फार सोडून जात नाहीत. हे तिघे कायम एकत्रच असतात असे धरले, तर शक्यता सोळात एक होते. खरे प्रमाण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडणार. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे या एका राज्यात साडेसतरा लाखांपासून सत्तर लाखांपर्यंत माणसे कालसर्पाची असणार. शनी-गुरूसारखे संथ ग्रह महिनोन्‌महिने एका बाजूला राहतात; सूर्य, बुध, शुक्र आणि मंगळही तिथे आले की चंद्र त्या बाजूला असलेल्या पंधरवड्यात जगभर जन्मलेली जवळपास सगळी मुले या दोषाची ठरतात. त्यांच्यात राजे असतात, भिकारी असतात, सुखी संसार असतात आणि मोडलेलेही. ज्याचे लग्न रखडले आहे त्याला दोष सांगितला जातो. ज्याचे वेळेवर झाले त्याची पत्रिका पुन्हा कोणी उघडत नाही.

नवसाचेही असेच आहे. सप्तशृंगीच्या गडावर नवस फेडायला येतो तो ज्याचे काम झाले तो. ज्याचे झाले नाही तो घरीच राहतो. म्हणून फेडलेल्या नवसांची गर्दी कितीही मोठी असली तरी तिच्यावरून नवसाची ताकद कळत नाही. त्यासाठी न फळलेले नवस मोजावे लागतील. ते मोजण्याची व्यवस्था कुठल्याही देवस्थानात नाही.

असे मोजमाप एकदा महाराष्ट्रात झाले. २००८ मध्ये जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवल्या, पत्रिका तयार केल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या : मूल हुशार की मतिमंद, एवढेच सांगायचे. चाळीसपैकी निदान अठ्ठावीस बरोबर यावेत अशी अट होती. एकावन्न जणांनी पत्रिका नेल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. सर्वांत वरचा गुणांक चाळीसपैकी चोवीस. सत्तावीस माणसांनी चाळीस-चाळीस वेळा नाणे उडवले असते तरी त्यांच्यातल्या एखाद्याला एवढे यश सहज मिळाले असते. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्म्याला चिकटून. या चाचणीने देवाबद्दल काहीही सिद्ध केले नाही, तसा तिचा दावाही नव्हता. एका दाव्याला एकच प्रश्न विचारला आणि उत्तर नोंदवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. साधे प्रश्न विचारत राहण्याची केवढी किंमत या राज्यात मोजावी लागते, हे त्या दिवशी कळले.

आता पणाकडे वळू. ‘आपलं काय जातंय’ यातला ‘आपलं’ तपासण्यासारखा आहे. पास्कलच्या पटावर पैज लावणारा आणि हरल्यास किंमत मोजणारा एकच माणूस आहे. व्यवहारात तसे क्वचितच असते. दोष मुलीच्या पत्रिकेत सांगितला जातो आणि शांती झाली तरी तिच्यामागची कुजबुज थांबत नाही. कर्ज बाप काढतो, फेडतो मुलगा. दवाखान्याऐवजी अंगारा देण्याचा निर्णय मोठी माणसे घेतात, ताप लहानग्याच्या अंगात असतो. आणि बक्षीस अनंत मानले की पण कितीही वाढवता येतो, कारण अनंतापुढे काहीही स्वस्तच. या तर्काला स्वतःची वेस नाही. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतला एकामागून एक मुली आणि बायका मारल्या गेल्या. त्या खुनांच्या मुळाशी गुप्तधनाची आणि अपत्याची आशा होती. नारळ आणि नरबळी यांत मला फरक दिसत नाही असे नाही. तो प्रचंड आहे. पण तो फरक माणसाची लाज, करुणा आणि कायदा करतात. पैजेचा तर्क तो करत नाही. म्हणूनच २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागला.

पैजेचा सगळ्यात मोठा प्रश्न आपल्याकडे द्यूतसभेत विचारला गेला आहे. द्रौपदीने भीष्म-द्रोणांना फाशांच्या शक्यतेबद्दल विचारले नाही. तिने विचारले की स्वतःला आधीच हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय. सभेला उत्तर देता आले नाही. धार्मिक पैजेपुढे हाच प्रश्न आधी ठेवला पाहिजे : यात कोण पणाला लागले आहे, आणि त्याला कोणी विचारले होते काय?

यावर श्रद्धावंत म्हणेल, तुम्ही ज्याच्याशी भांडता तो भक्त नव्हेच. खरा भक्त देवाशी सौदा करत नाही. हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्र्यंबकेश्वरीच निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वारीला तिथे पायी येणारा वारकरी काही मागायला चाललेला नसतो; चालणे, गाणे आणि सोबत हेच त्याचे मिळवणे असते. उद्या कोणी देवाची शक्यता दोन टक्के ठरवली, तर त्याची एकही वारी चुकणार नाही. अशा श्रद्धेशी माझा वाद नाही. पण मग तिच्या नावाने भीतीचा व्यापार करणाऱ्यांना वारकऱ्यानेच आधी अडवले पाहिजे, कारण भक्तीचे सौद्यात रूपांतर करून ते त्याच्याच परंपरेला उणेपणा आणतात.

दुसरे टोकही मला मान्य नाही. कामसूत्रात वात्स्यायनाने परलोक न मानणाऱ्या लोकायतांचे मत नोंदवले आहे : उद्याच्या मोरापेक्षा आजचे कबुतर बरे, संशयाच्या सोन्याच्या निष्कापेक्षा खात्रीचा कार्षापण बरा. हा अपेक्षित लाभाचाच हिशेब आहे, अनंताला साफ नकार देणारा. वात्स्यायनाचे उत्तर शेतकऱ्याचे आहे. पुढच्या पिकासाठी माणूस हातातले बी मातीत टाकतोच. अनिश्चिताकरता काही सोडायचेच नाही असे ठरवले, तर ना शेती होईल, ना शिक्षण, ना चळवळ. प्रश्न अनिश्चिताचा नाहीच. पेरलेले बी कोणाच्या कणगीतले आणि पीक आले नाही तर उपाशी कोण राहणार, हा आहे.

या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर नाशिक जिल्ह्यातच दिले गेले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या खटपटीने तो वर्षानुवर्षे चालला. लोकांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला. देवळाच्या मालकांनी दीर्घकाळ दरवाजे बंद ठेवले, पण अस्पृश्यांना आत घेतले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. सत्याग्रह थांबला. निरनिराळ्या धर्मांची आमंत्रणे आली. लाखो माणसांचे भवितव्य ज्याच्या निर्णयावर अवलंबून आहे, अशा माणसापुढे अनेक देवांचा प्रश्न पुस्तकाबाहेर येऊन उभा राहिला होता.

त्यांनी तो कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे. कोणता देव खरा असण्याची शक्यता जास्त, असे त्यांनी विचारले नाही. धर्म माणसासाठी आहे, हे १९३६ च्या मुंबईतल्या भाषणात त्यांनी ठासून मांडले, आणि हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरच्या लिखाणात न्याय आणि उपयुक्तता या दोन कसोट्या लावल्या. हा धर्म माणसाला माणूस म्हणून उभे राहू देतो काय? ही कसोटी या जगातली आहे. तिचे उत्तर काळारामाच्या बंद दरवाजासमोर उघड्या डोळ्यांनी वाचता येत होते. एकवीस वर्षे अभ्यास करून, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी जो धम्म स्वीकारला, त्यात सृष्टिकर्त्या देवाला जागाच नाही.

त्या धम्मातही पैज आहे, पण तिची रचना वेगळी. जुन्या पाली सुत्तांत बुद्ध कालाम लोकांना सांगतो की परलोक असला तर सदाचाराचे फळ तिथे मिळेल, नसला तरी वैराशिवाय जगण्याचे सुख इथेच मिळालेले असते. अपण्णक सुत्तातही हाच विचार आहे. पास्कलचा पण पैज हरल्यास वाया जातो. इथे मात्र पण हाच लाभ आहे. प्रेमाने, खरे बोलून, कोणाला न दुखवता जगलो आणि परलोक निघाला नाही, तर गमावले काय? इथे ‘काय जातंय’ हा प्रश्न पहिल्यांदा प्रामाणिक होतो, कारण खरोखरच काही जात नाही आणि दुसऱ्या कोणाचे तर मुळीच नाही.

अशा पैजेचा लेखी हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यांत खडकावर कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या दहाव्या लेण्यात तत्कालीन कालगणनेतल्या बेचाळिसाव्या वर्षीच्या देणगीची नोंद केली. तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा बरोबर २४०. हाच उषवदात ब्राह्मणांना गावे आणि गाई देतो, देवांनाही देतो, आणि तापी, दमण, डहाणूच्या नद्यांवर मोफत नावा चालवतो. त्याच्या मनात पुण्याची आशा असणार, आणि सगळ्या देवांना सांभाळून घेण्याचा विचारही असेल. ती आशा खरी झाली की नाही, कोणाला कळणार नाही. पण भिक्खूंना पावसाळ्यात वस्त्र मिळाले, विणकरांना भांडवल मिळाले, वाटसरू नदीपार झाले. आणि लेख हेही सांगतो की हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला गेला आणि रीतीप्रमाणे नोंदला गेला.

एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या गोवर्धनाची ही रीत आजच्या नाशिकला हवी आहे. येत्या सिंहस्थासाठी हजारो कोटींचे आराखडे आहेत. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले. कुशावर्तात एका मुहूर्तावर बुडी मारल्याने मोक्ष मिळतो काय, यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. तो दावा माझ्या गणिताच्या आवाक्यात नाही आणि स्नान करणाऱ्याचा तो हक्क आहे. पण झाड, नदीचे पाणी, सार्वजनिक पैसा आणि गर्दीत सापडणारी माणसे हा या पैजेचा पण आहे आणि तो सर्वांच्या नावाने लागतो, स्नान न करणाऱ्यांच्याही. म्हणून प्रत्येक खर्चापुढे तीन प्रश्न जाहीरपणे विचारले जावेत. याचा दावा या जगात तपासता येतो काय, आणि येत असेल तर तो तपासला काय? याची किंमत कोण मोजतो, आणि त्याला विचारले काय? आणि देव नसलाच असे धरले, तरी या खर्चातून कोणाचे भले उरते? रस्ता, शौचालय, दवाखाना, स्वच्छ गोदावरी या तिसऱ्या प्रश्नाला सहज उतरतात. मुळासकट गेलेले झाड उतरत नाही.

हेच तीन प्रश्न घरातही विचारता येतात, पूजेचा मुहूर्त ठरण्याआधी. त्यासाठी कोणी नास्तिक होण्याची गरज नाही. देव मानणाऱ्याने तर ते जास्त आग्रहाने विचारावेत. न्यायी देव आहे असा त्याचा विश्वास असेल, तर भीतीने कापणाऱ्या मुलीला पणाला लावून मिळवलेली शांती त्या देवाला मान्य होईल, असे त्याला तरी कसे म्हणता येईल?